ओगिनोमाचा शनिवार

टीव्हीच्या दुकानातून खाली उतरताना ओगिनोमाचं नाव चिझुरूच्या कानावर पडलं आणि सरकत्या जिन्यावरचा तिचा पाय चुकला. मागच्या गृहस्थाने तिला दंडाला धरून सावरलं, माफ करा म्हणाला, तीही म्हणाली, आणि खाली पोचल्याबरोबर ती वर जाणारा जिना पकडून पुन्हा तिथेच आली. भिंतभर लहानमोठे टीव्ही लावलेले होते आणि सगळ्यांवर एकच पिवळ्या झग्यातली बाई हवामान सांगत होती. उद्या उत्तरेकडे आकाश मोकळं राहील, ओगिनोमाला नदीकाठी आतषबाजी आहे, जाणाऱ्यांनी अंगावर घ्यायला काहीतरी बरोबर ठेवावं, संध्याकाळी गारवा सुटेल. एवढंच बोलून ती बाई दक्षिणेतल्या वादळाकडे वळली. चिझुरूने ते नाव आजवर एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं होतं, तेही आपल्याच घरात, दिवा मालवल्यावर, शेजारच्या उशीवरून. ते नाव म्हणजे कुणी खरोखरची माणसं राहतात, पावसापाण्याची चौकशी करतात असं गाव आहे, हे तिला जणू ठाऊकच नव्हतं. आता भरल्या दुकानात इतक्या तोंडांनी ते एकदम उच्चारलं गेलं, आणि तेही 'गि'वर नको इतका जोर देऊन. आपले आतले कपडे कुणी रस्त्यावर वाळत घालावेत तसं तिला झालं. ती पंखा घ्यायला आली होती. पंखा न घेताच घरी गेली, आणि रात्रभर उकाड्यात पडून राहिली.

मासातोमो सेकिने तिच्याच कंपनीत होता. भिंतींना लावायचे कागद बनवणारी कंपनी. ती वरच्या मजल्यावर रंग जुळवण्याच्या खोलीत, तो खाली गोदामाकडे. बायको, मुलगी आणि म्हातारी आई गावी, आणि हा नोकरीपायी टोकियोत कंपनीने दिलेल्या खोलीत एकटा. त्याच्यासारखे पुष्कळ होते. महिन्यातून एकदा तो गावी जायचा आणि उरलेल्या शनिवारी दुपारी तिच्याकडे यायचा. बूट काढून त्यांची तोंडं दाराकडे करून ठेवायचा, हात धुवायचा, आणि जेवायला काय आहे असं न विचारता एकेक झाकण उघडून बघायचा. याच्यापलीकडे त्या प्रेमात सांगण्यासारखं काही नव्हतं. तिने कधी काही मागितलं नाही. मागायचं नाही हे इतक्या लवकर ठरून गेलं होतं की ते त्याने ठरवलं की तिने, हेही तिला आठवत नव्हतं. फक्त ऑगस्टचा शेवटचा शनिवार जवळ आला की ती कॅलेंडरकडे बघणं टाळायची. "या शनिवारी नाही जमायचं. गावची आतषबाजी आहे. तो घरचा दिवस," तो म्हणायचा, "त्या दिवशी फोनही नको करूस." गावी महिन्याच्या महिन्याला जायचा त्याचं तिला काही वाटत नसे, तिथे नळ दुरुस्त करायचे असत, आईला दवाखान्यात न्यायचं असे. पण हा शनिवार वेगळा होता. त्या संध्याकाळी ती खिडकीपाशी बसून समोरच्या इमारतीची भिंत बघत राही, आणि त्या भिंतीवर तिला नदीकाठ दिसे, वर तोंड केलेली दोन माणसं दिसत, त्याचा खांदा बायकोच्या खांद्याला लागलेला दिसे. आपल्याला मिळतो तो त्याचा उरलासुरला वेळ, आणि तिला मिळतो तो हा शनिवार. सोमवारी मोहरी लावलेल्या छोट्या वांग्यांच्या लोणच्याची पुडी घेऊन तो हजर व्हायचा. "आईच्या हातची आहेत." मग ती विचारायची, कशी झाली आतषबाजी? तो डोळे मिटून सांगायचा. आधी शीळ. मग काहीच नाही, ते काहीच नाही फार लांबतं. मग एकदम छातीत बसतो तो आवाज, आणि पलीकडच्या डोंगरावर आपटून थोडा म्हातारा होऊन परत येतो. "पण रंग कुठले होते?" ती विचारायची. तिचा दिवस पांढऱ्याच्या छटा वेगळ्या करण्यात जायचा, तिला साधं लाल म्हटलेलं चालायचं नाही. "लाल म्हणजे लाल," तो म्हणायचा, "तू पण ना!" आणि वांगं तिच्या तोंडात कोंबायचा.

एप्रिलमध्ये तो गेला. कंपनीच्या खोलीत, सकाळी दाढी करताना. ती बातमी विभागप्रमुखांनी सगळ्यांना उभं करून सांगितली आणि सगळे थोडा वेळ मान खाली घालून उभे राहिले. चिझुरूच्या हातात नमुन्यांचं जाड बाड होतं. ते खाली ठेवावं की धरूनच उभं राहावं हे तिला कळेना. मग सगळे बसले, म्हणून तीही बसली. शेजारच्या मुलीने तिला विचारलं, यातला हस्तिदंती कुठला आणि सायीचा कुठला? तिने बरोबर सांगितलं. त्या दिवसापासून आजपर्यंत तिने सगळं बरोबर सांगितलं होतं. गावी अंत्यविधीला साहेब जाऊन आले. ती कुणाची कोण म्हणून जाणार? घरी ती रडायला बसली तरी रडू यायचं नाही, कारण रडतानासुद्धा वाटायचं, हे खरं त्याच्या बायकोचं रडणं आहे, आपण दुसरीच्या वाट्याचं उचलतोय.

शनिवारी सकाळी ती गाडीत बसली तेव्हा तिने स्वतःशी ठरवलं होतं की नुसता नदीकाठ बघायचा आणि परत यायचं. दुसरी गाडी बदलल्यावर डबा रिकामा झाला, दोन्ही बाजूंना भातशेती लागली, आणि तिला वाटलं, नदीकाठ बघून काय करायचं? थडगं तरी बघावं. स्टेशनसमोरच्या दुकानात तिने उदबत्तीचा पुडा घेतला आणि गावची थडगी असलेलं देऊळ कुठे म्हणून विचारलं. दुकानातली बाई आडव्या अंगाची, बोलायला मोकळी.

"कुणाकडचं थडगं म्हणायचं तुम्हाला?"

"सेकिनेसान. टोकियोला कंपनीत होते ते..."

"अगं बाई! मासातोमोच्या ऑफिसातल्या का तुम्ही? आणि नुसत्या उदबत्तीचा पुडा घेऊन निघाल्यात चोरासारख्या! मी आतेबहीण त्याची, नात्सुमी." बोलता बोलता तिने एप्रन काढला. "देवळात आत्ता कुत्रं नाही. सगळं गाव नदीवर. आज आतषबाजीत त्याचा गोळा उडणार आहे माहितेय ना? त्याच्या नावाने! चला. रात्री माझ्याकडे माडीवर झोपा, थडग्याला उद्या जा."

"नाही, मी आपली..."

"आपली नि तुपली! वहिनीला कळलं, ऑफिसातलं माणूस येऊन तसंच गेलं, तर मला उभी चिरेल."

तिने चिझुरूचं मनगट धरलं आणि दुकानाचं दार अर्धं ओढून ती चालायला लागली. हात सोडवून घेता आला असता. वाटेत एकदा बाजूने सायकली गेल्या तेव्हा नात्सुमीने तो सोडलाही होता. पण चिझुरू मागे फिरली नाही. गल्लीच्या टोकाला नदीचा वास आला, पाण्याचा आणि तापलेल्या गोट्यांचा, आणि तिला भीतीच्याही खाली कुठेतरी एक लाजिरवाणी उत्सुकता जाणवली. इतकी वर्षं त्या भिंतीवर पाहिलेली बाई आता खरी दिसणार होती.

ती बुटकी निघाली. उन्हाने रापलेली, गळ्यात पंचा, धुऊन विटलेला निळा सुती किमोनो, बाह्या वर खोवलेल्या. निळ्या ताडपत्रीवर बसून ती छोट्या सुरीने काकड्या कापत होती. शेजारी घडीच्या खुर्चीवर म्हातारी सासू, मांडीवर शाल. मुलगी आलेली नव्हती. तिचं बाळंतपण जवळ आलं होतं.

"कुनिए वहिनी, बघ कोण आणलंय! दादाच्या ऑफिसातल्या बाई!"

कुनिएने सुरी खाली ठेवली, हात पंच्याला पुसले आणि ताडपत्रीवरची जागा तळव्याने झाडली. "बसा हो. एवढ्या लांबून आलात. कळवलं असतं तर स्टेशनवर आले असते मी." मग मोठ्याने, "आई, यांच्या ऑफिसातल्या बाई आल्यात!"

"कोण?"

"ऑफिसातल्या!"

"मग खायला घाल त्यांना," म्हातारी म्हणाली. "ऑफिसात काय देतात खायला? तो किती वाळला होता."

"हिची वांगी जपून खा," नात्सुमी जाता जाता म्हणाली, "डोळ्यांतून पाणी काढते."

"तू पळ. दार उघडं टाकून आलीयेस."

चिझुरूने वांगं तोंडात टाकलं आणि मोहरीचा झटका थेट नाकात गेला. दरवर्षी सोमवारी त्याने आणलेली वांगी गोडसर असत. "यात साखर नाही वाटतं घालत तुम्ही," ती ठसका आवरत म्हणाली.

"साखर?" म्हातारी हसली. "साखर घातलेली ती शहरातल्या दुकानात विकतात. आमच्या घरात नाही हो कुणी घातली कधी."

अंधार पडला तशी काठावरची माणसं दाटली आणि कर्ण्यातून एका म्हाताऱ्याचा खरखरीत आवाज यायला लागला. या गावात गोळा उडायच्या आधी तो कुणी, कशासाठी दिला ते वाचतात. तेरामा बेकरीच्या घरी जुळं झालं, दोन्ही मुली रडक्या आहेत, शेजाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. लोक हसले, आणि वर हिरवं फुटलं. कुणाचा मुलगा परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाला, चौथ्यांदा बसतोय. कुणाचा कुत्रा गेला. प्रत्येकाच्या नावाने आकाश उजळत होतं आणि तेवढ्यापुरते सगळ्यांचे चेहरे दिसत होते, वर केलेले, तोंडं उघडी. चिझुरूच्या शेजारी कुनिएचा खांदा होता. लागत नव्हता, पण त्याची ऊब जाणवत होती. इथे तो बसत असेल, तिच्या मनात आलं, याच गोट्यांवर. आणि ते तिच्या तोंडून निघून गेलं. "ते दरवर्षी इथेच बसायचे का?"

"कोण, हे?" कुनिएने काकडीची थाळी तिच्याकडे सरकवली. "छे हो. लग्न झालं त्या वर्षी एकदा आले, तेवढेच. टोकियोला गेले आणि नेमकी याच शनिवारी गोदामाची मोजदाद यायला लागली. दरवर्षी. तुम्हाला ठाऊकच असेल."

वर काहीतरी फुटलं, सोनेरी, आणि बराच वेळ खाली गळत राहिलं. चिझुरू त्याच्याकडे बघत राहिली कारण दुसरीकडे बघणं शक्य नव्हतं. तिला आधी नुसतंच कळलं नाही, जसं चटका बसल्यावर क्षणभर गार लागतं. मग एकेक शनिवार उठून तिच्यासमोर यायला लागला. ती खिडकी. ती भिंत. त्या भिंतीवर तिने बघितलेले दोन खांदे, आणि त्यांच्यामुळे रात्ररात्र जाळणारा तो मत्सर, जो तिने इतका जपला होता की तिच्या प्रेमाचं अर्धं अंग त्याचंच बनलेलं होतं. ते खांदे इथे नव्हतेच. इथे ही बाई एकटीच काकड्या कापत बसलेली असायची, आणि तिलाही टोकियोच्या दिशेला काहीतरी दिसत असेल. मग तो कुठे होता? दुसरी कुणी होती? ती तिसरी कुणाचा मत्सर करत बसली असेल? मेलेल्या माणसाला विचारता येत नाही हे तिला एप्रिलपासून माहीत होतं. आज ते पहिल्यांदा समजलं.

"उशिरापर्यंत चालायची का हो ती मोजदाद?" कुनिए विचारत होती. आवाज साधाच होता, पण सुरी काकडीवर नुसती टेकवलेली होती, चालत नव्हती. चिझुरूला त्या थांबलेल्या सुरीकडे बघून कळलं की हा प्रश्न ही बाई वर्षानुवर्षं बाळगून आहे आणि आज तिला उत्तर देऊ शकेल असं माणूस पहिल्यांदा तिच्या ताडपत्रीवर येऊन बसलंय. हिला एवढं तरी द्यावं. याहून आपल्याकडे हिला देण्यासारखं आहे काय?

"हो," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत. कधी कधी त्याच्याही पुढे. मी पण असायचे ना तिथे. पाय दुखून यायचे, पण शेवटची फळी मोजून होईपर्यंत बसायचा नाही तो."

बोलून झाल्यावर तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. बसायचा नाही तो. ऑफिसातल्या वरिष्ठ माणसाला, त्याच्या बायकोसमोर, तो. शब्द परत घेता येईना, आणि दुरुस्त केला असता तर आणखीच उघडा पडला असता.

कुनिएने सुरी हळूच थाळीत ठेवली. वर दोन लागोपाठ फुटले, लोक ओरडले, आणि धूर नदीवर उतरला.

"मोजदाद मार्चमध्ये असते," ती म्हणाली. "यांचे साहेब आले होते तेव्हा मी विचारून घेतलं."

चिझुरूने थाळीतल्या सुरीकडे पाहिलं.

"तुमच्याकडे असायचे?"

"नाही."

"आता कशाला खोटं बोलता? आता राहिलंय काय?"

"बाकीच्या शनिवारी असायचा," चिझुरू म्हणाली. इतकी वर्षं जे वाक्य कुणालाही सांगितलं नव्हतं ते इतकं लहान असेल असं तिला वाटलं नव्हतं. "या शनिवारी नाही. या दिवशी मला सांगायचा, घरी जातोय. घरचा दिवस आहे."

"घरी," कुनिए म्हणाली. तिने पंचा तोंडाला लावला आणि घाम पुसल्यासारखं केलं. तिने आपल्याला मारावं, उठवून लावावं, असं चिझुरूला वाटत होतं; तिने दुसरं काहीतरी केलं. ती तिच्याकडे वळली, आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडून नवऱ्याचा उल्लेख तसा एकेरी आला. "मग कुठे जायचा तो?"

"मला नाही माहीत."

"खरं?"

"खरंच नाही माहीत."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्या नजरेत राग नव्हता असं नाही, पण रागालाही एक जागा लागते, आणि ज्याच्यावर रागवायचं तो दोघींच्याही मधून उठून गेला होता. तेवढ्यात कर्णा खरखरला. "सेकिने मासातोमो. आपल्या गावच्या आतषबाजीवर त्यांचा फार जीव होता. बाबा, यंदा अगदी जवळून बघा. पत्नी, मुलगी आणि आईकडून."

"पोरीने लिहिलंय," कुनिए पुटपुटली. "काहीतरी चांगलं लिहावं लागतं."

मागून कुठूनतरी नात्सुमीचा मोठा आवाज आला, "मासातोमो!" आणि त्याला ओळखणारे आणखी चारदोन लोक ओरडले. शीळ वर गेली. मग काहीच नाही. ते काहीच नाही फार लांबलं. आणि मग पांढरा, नुसता पांढरा गोळा फुटला, सबंध नदीवर पसरला, आणि चिझुरूला त्या पांढऱ्याला नाव देता येईना. त्या उजेडात तिने पाहिलं, म्हातारीने शालीखालून आपला घडीचा फोन काढला होता आणि हात लांब करून तो आकाशाकडे धरला होता. फोन उघडलेलाही नव्हता.

"आई, खाली घ्या हात," कुनिए म्हणाली. म्हातारीने ऐकलं नाही. कुनिए चिझुरूकडे न बघता बोलायला लागली, "याच वेळेला यांचा फोन यायचा. दरवर्षी. आईला म्हणायचे, वर धर, मला ऐकू दे. संपेपर्यंत ऐकत राहायचे. मध्येच मी फोन हिसकून कानाला लावायचे. बाईचा आवाज येतो का बघायला." ती थांबली. "कधी नाही आला. बाईचा नाही, गोदामातला नाही, रस्त्यावरचा नाही. कसलाच आवाज नसायचा तिकडे. इतकं शांत कुठे असतं हो टोकियोत?"

आधी शीळ. मग काहीच नाही. डोंगरावर आपटून थोडा म्हातारा होऊन येणारा आवाज. लाल म्हणजे लाल. चिझुरूने दोन्ही हात गोट्यांवर टेकले. त्याने ते रंग पाहिलेच नव्हते. कुठल्यातरी बंद खोलीत, कुठल्यातरी फलाटाच्या टोकाला, कुठेतरी, तो एकटा कानाला फोन लावून बसायचा. दोन घरं होती त्याला आणि वर्षातून एक संध्याकाळ तो दोन्ही घरांतून पळून जायचा, आणि पळून जाऊन हेच ऐकायचा. त्याला काय हवं होतं? आपण त्याला जेवायला घातलं, त्याचे बूट पुसले, आणि हे एकदाही विचारलं नाही. हिनेही नसेल विचारलं. आणि मग एप्रिलपासून न आलेलं ते रडू आलं, मोठ्याने, तोंड उघडून, नाक गळत. ते आपल्या वाट्याचं की दुसरीच्या हे बघायला तिला वेळच मिळाला नाही. पुढे बसलेल्या लोकांनी मागे वळून पाहिलं आणि पुन्हा वर पाहिलं. कुनिएने तिला पंचा दिला नाही. तिच्या पाठीवर हातही ठेवला नाही. ती फक्त थोडी पुढे सरकून बसली, लोकांच्या आणि तिच्या मध्ये.

संपलं तेव्हा काठावर एकदम माणसांचे आवाज ऐकू यायला लागले, डबे बंद केल्याचे, हाका मारल्याचे. कुनिएने म्हातारीला उठवलं, थाळी बांधली आणि ताडपत्रीच्या एका बाजूला जाऊन उभी राहिली.

"ती टोकं धरा."

चिझुरूने पलीकडची दोन टोकं उचलली. दोघींनी ताडपत्री झटकली, खडे खाली पडले. एक घडी झाली. दुसऱ्या घडीला दोघी एकमेकींकडे चालत आल्या आणि मध्यावर थांबल्या. कुनिएच्या हातांना मोहरीचा वास येत होता. तिने चिझुरूच्या बोटांतून टोकं काढून घेतली आणि ती चौकोनी घडी काखेत मारली.

"उद्या सकाळी लवकर जा देवळात," ती म्हणाली. "मी उन्हं चढल्यावर जाते. दोघी एकदम नको, गाव बघतं."

चिझुरूने मान हलवली.

कुनिए म्हातारीचा दंड धरून चार पावलं गेली आणि थांबली. मागे वळली नाही.

"थडग्यावर पाणी रोज मी घालते," ती म्हणाली. "उद्याचं तुम्ही घाला."